डावी भकाळी

"आबा, वारं सरलं का?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. ऑपरेशनला दीड दिवस होत आला होता. सकाळचं ऊन खिडकीतून थेट आबांच्या नाकातल्या नळीवर पडलं होतं. डॉक्टर आमच्याच भागातले, तरुण, मोकळ्या आवाजाचे. पोटाच्या ऑपरेशननंतर हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, हे मला ठाऊक होतं. पण खोली दोन कॉटांची. पलीकडच्या पेशंटच्या मुलानं मोबाइलमधून मान वर केली, त्याच्या आईनं पदर सारखा केला, आणि आबांनी उत्तरच दिलं नाही. त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि नळीनं बसलेल्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तू जरा भाईर जा."

मी गेले. व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि त्यात कुणाच्या तरी डब्यातल्या आमटीचा वास मिसळलेला. राग आला नव्हता. वाईट वाटलं असंही म्हणता येणार नाही. पण ते वाक्य दिवसभर घशात अडकलेल्या गोळीसारखं राहिलं, वर येईना की खाली उतरेना. हा माणूस म्हशीच्या बाळंतपणात अख्ख्या गल्लीसमोर खांद्यापर्यंत हात आत घालून रेडकू ओढायचा. रोज सकाळी गोठ्यात शिरला की आधी शेण बघायचा, धारेचं भांडं नंतर. पातळ आहे का, त्यात दाणे तसेच आलेत का, वास कसा आहे, हे सगळं आम्हा पोरांना जवळ बोलावून दाखवायचा. जनावराच्या शरीरातली एकही गोष्ट त्यांनी कधी लाजून सांगितली नाही. स्वतःच्या शरीराचा एक साधा प्रश्न मात्र लेकीच्या कानावर पडू नये, असं त्यांना वाटलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, बावीस वर्षं झाली. पचनसंस्थेची आकृती मला फळ्यावर डोळे मिटून काढता येते. यकृताला तपकिरी खडू, पित्ताशयाला हिरवा, स्वादुपिंडाला पिवळा. लहान आतड्याची वेटोळी काढताना हात आपोआप फिरतो, कढईत जिलबी पाडावी तसा. मग मुलं एका सुरात क्रम म्हणतात: मुख, ग्रसनी, ग्रासनलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे, मलाशय, गुदद्वार. शेवटच्या शब्दाला मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि मी "चला, पुढे" म्हणत फळा पुसायला घेते. त्या सकाळी व्हरांड्यात उभी असताना मला जाणवलं की बावीस वर्षं त्या शब्दापाशी आल्यावर मीही मुलांना भाईरच घालवत होते.

आणखी एक गोष्ट जाणवली, ती जास्त टोचणारी होती. माझी आकृती थांबलेली असते. नावं, बाण, रंग सगळं बरोबर, पण त्यात काही हलत नाही. आणि आत्ता त्या खोलीत आम्ही सगळे ज्याची वाट बघत होतो, ती फक्त हालचाल होती.

दुखणं बुधवारी रात्री सुरू झालं. जेवण झाल्यावर तासाभरात आबांच्या बेंबीभोवती कळ यायला लागली. यायची, वाढत जायची, ओसरायची, पुन्हा यायची. पहाटेपर्यंत पोट टरटरून फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या. आधी जेवण पडलं, मग नुसतं पिवळं पाणी, मग हिरवं. दवाखान्यात उभं करून एक्स-रे काढला. त्यात पोटात एकावर एक आडव्या रेघा दिसत होत्या, नदीच्या घाटाला पायऱ्या असाव्यात तशा. तुंबलेल्या आतड्यात खाली पाणी आणि वर हवा साठली की अशा पायऱ्या दिसतात. एकतीस वर्षांपूर्वी आबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. पोट आतून भरून येताना कधी कधी चिवट पट्टे तयार होतात, ते वर्षानुवर्षं काही त्रास देत नाहीत, आणि मग एखाद्या दिवशी आतड्याचं वेटोळं त्यात अडकतं. सर्जननी हे आईला समजावून सांगितलं तेव्हा तिनं एका वाक्यात त्याचं भाषांतर केलं: "म्हंजी म्हशीचा पाय दाव्यात अडकतोय तसं." त्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. जितकं ओढावं तितका फास घट्ट.

भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र एकच बोलत होता. तिखट. "आता तिखट बंद करा, चटणीनंच झालं हे." आई ते मान खाली घालून ऐकायची. तिची चटणी गल्लीत नावाजलेली. चैत्रात मिरच्या वाळवून, देठं खुडून, कांदा-लसूण-खोबरं तळून ती स्वतः डंकावर जाऊन उभी राहते, कुटणाऱ्याच्या हातून एक चिमूट जिभेवर ठेवल्याशिवाय डबा पुढे करत नाही. तिसऱ्या माणसानं तेच ऐकवलं तेव्हा तिचे डोळे भरले. मी तिला बाहेर नेऊन सांगितलं, आई, पट्टा तीस वर्षांपूर्वीच्या टाक्याचा आहे, चटणीचा नाही. तिखट लागतं ती चवसुद्धा नव्हे. ज्या खुणेच्या जागेवर चटका बसल्याचं शरीराला कळतं, त्याच जागेवर मिरचीतला कॅप्सेसिन जाऊन बसतो आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. ही जागा 1997 मध्ये सापडली आणि त्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. पोटात सगळीकडे तशा जागा आहेत, म्हणून जळजळ होते. पण मिरचीनं आतड्याला गाठ मारली जात नाही. आई म्हणाली, "नोबेलवाल्याचं ऱ्हाऊ दे, तू म्हणतीस न्हवं?" मी म्हणते, असं सांगितल्यावर तिनं डोळे पुसले.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. नाकातली नळी जठरापर्यंत गेलेली, तिचं दुसरं टोक कॉटला अडकवलेल्या पिशवीत. पिशवी दर काही तासांनी भरायची, शेवाळासारख्या हिरव्या पाण्यानं. "दोन दिस तोंडात पाण्याचा थेंब न्हाई. मग एवढं येतंय कुठनं?"

मी पुस्तकात हे आकडे शिकवते, पण ते असे पिशवीतून टपकताना कधी पाहिले नव्हते. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ. दोनेक लिटर जठररस. स्वादुपिंडाचा लिटरभर, कधी दीड. यकृतातून अर्ध्या ते एक लिटरपर्यंत पित्त. वर आतड्याची स्वतःची भर. आपण पितो ते पाणी धरलं तर रोज आठ-नऊ लिटर पाणी या नळीत उतरतं, जवळजवळ एक कळशी. आणि बाहेर पडतं ते पेलाभरही नाही. बाकी सगळं आतडं पुन्हा ओढून रक्तात परत देतं, बरंचसं लहान आतडं, उरलेलं मोठं. उद्या तेच पाणी पुन्हा लाळ होऊन तोंडात येणार. आबांचं आतडं अजून चालू झालेलं नव्हतं, त्यामुळे खाली जायचं ते वर तुंबत होतं, म्हणून पिशवी. आईनं हे नीट ऐकून घेतलं. "म्हंजी इसळवणीगत," ती म्हणाली. दुधाच्या किटल्या विसळलेलं पाणी तिनं कधी मोरीत ओतलं नाही. ते म्हशींच्या आंबोणात जायचं. संध्याकाळी तेच धारेत परत येतं, असं ती म्हणायची, आणि आम्हाला लहानपणी ते खरंच वाटायचं.

ऑपरेशन झालं, पट्टा कापला, वेटोळं सोडवलं. ते काळं पडलेलं नव्हतं, त्यामुळे कापावं लागलं नाही. आता सगळं सुरळीत व्हायला हवं, असं आपल्याला वाटतं. पण आतडं हाताळलं की गप्प होतं. सर्जनचा हात कितीही हलका असो, आतली वेटोळी बाहेर काढून चाचपून परत ठेवली की त्यांचं काम थांबतं. हे दर मोठ्या पोटाच्या ऑपरेशननंतर होतं आणि त्याला घाई करता येत नाही. परत सुरू व्हायलाही ठरलेला क्रम आहे. लहान आतडं सगळ्यात आधी, काही तासांत, फार तर दिवसभरात. मग जठर, एक-दोन दिवसांत. मोठं आतडं शेवटी, दोन-तीन दिवसांनी. म्हणून डॉक्टर शेवटच्या टोकाची चौकशी करतात. आमच्याकडे पाटाचं पाणी सोडलं की वरच्या शेतकऱ्याला कुणी विचारत नाही. शेवटच्या सरीत पाणी पोचलं का, एवढंच विचारतात. ते पोचलं म्हणजे वरची सगळी दारं उघडली. "वारं सरलं का" हा प्रश्न वाऱ्याचा नाहीच. सात-आठ मीटरच्या वाटेवरचं प्रत्येक वळण जागं झालं का, हे त्या एका प्रश्नात विचारलेलं असतं. धडधाकट माणसाचा वारा दिवसातून दहा-वीस वेळा सरतो आणि तो त्याची नोंदही घेत नाही. आम्ही मात्र त्या एका खुणेसाठी देव पाण्यात घालून बसलो होतो.

डॉक्टर स्टेथोस्कोप आबांच्या पोटावर चार ठिकाणी टेकवायचे, प्रत्येक ठिकाणी बराच वेळ. पोट ऐकायला छातीपेक्षा जास्त धीर लागतो. खोलीतले सगळे श्वास धरून असायचे. मग ते मान हलवायचे. "अजून झोपल्यात."

त्यांचा तो वाकलेला खांदा बघताना मला चंद्री आठवली.

मी पाचवीत असेन. पावसाळा संपत आलेला. गोठ्यात सहा म्हशी होत्या, त्यातली चंद्री सगळ्यात जास्त दुधाची. सकाळ-संध्याकाळ कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आबा तिलाच न्यायचे, कारण गिऱ्हाइकासमोर धार काढताना म्हैस शांत लागते. पितळी पेला खाली धरायचा, त्यात धार पडताना सुरुवातीला टणटण आवाज येतो, मग फेस वर चढतो आणि आवाज मऊ होत जातो. तालमीतले पैलवान ओळीनं उभे असायचे, अंगाला लाल माती तशीच. एक वयस्कर वस्ताद रोज पोरांना घेऊन येत. कुणी तिसरा पेला मागितला की ते त्याच्याकडे बघून म्हणायचे, "खातोय तर रेडाबी. पचिवतोय त्यो पैलवान." आणि खरंच, पहाटे जोर-बैठका मारून घाम जिरवल्याशिवाय ते थंडाई घोटू द्यायचे नाहीत. खाणं आपल्या हातात, पचवणं नाही, एवढं त्या कट्ट्यावर सगळ्यांना माहीत होतं. शाळेतल्या पुस्तकात मला ते नंतर भेटलं, आणि तिथं ते इतकं जिवंत नव्हतं.

त्या दिवशी गड्यानं दवात भिजलेला कोवळा लसूणघास चंद्रीपुढे जरा जास्तच टाकला. दिवेलागणीला तिनं रवंथ बंद केलं. अंगणात कंदील घेऊन आबा आले तेव्हा तिची डावी भकाळी, म्हणजे शेवटच्या बरगडीमागची खळगी, खळगी राहिलीच नव्हती. तिथं टेंगूळ आलं होतं. असा ओला घास पोटात गेला की त्याचा फेस होतो आणि वायू फेसात अडकतो, ढेकर निघत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचं मोठं पोट म्हणजे पिंपच असतं, त्यात जीवाणू गवत आंबवतात आणि वायू सतत तयार होत राहतो. तो तोंडावाटे बाहेर पडला नाही तर पोट फुगून छातीवर दाब येतो आणि काही तासांत जनावर जातं. आबांनी मूठ वळली आणि तिच्या भकाळीत दाबून धरली. डोळे मिटले. मी त्यांच्या शेजारी कंदील धरून. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, ते मोजत होते. निरोगी म्हशीचं पोट मिनिटाला एक-दीड वेळा घुसळतं. बराच वेळ गेला. "थांबलंय," ते म्हणाले.

मग रात्रभर काय काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बांबूच्या नळ्यातून गोडंतेल पाजलं. कडुलिंबाची जाड काडी तिच्या तोंडात आडवी बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि लाळ सुटेल. पुढचे पाय उंच जागी येतील असं तिला मातीच्या ढिगावर उभं केलं. आई पोतं गुंडाळून ओट्यावर बसली होती. आणि आबा सारखे येऊन भकाळीवर मूठ ठेवायचे, मग कान. कानाला म्हशीचे राठ केस टोचत असणार, त्यांनी एकदाही कान लवकर उचलला नाही. पहाटेच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. माझं मनगट धरलं, माझी मूठ वळवली आणि तिच्या अंगात दाबली. कातडं गरम होतं, ओलसर. काहीच नव्हतं. मग आतून, फार सावकाश, माझी मूठ वर उचलली गेली. आत कुणीतरी कूस बदलावी आणि त्याचा खांदा लागावा तसं. थोड्या वेळानं परत. त्याच्यामागून चंद्रीनं मान लांब केली आणि एक दीर्घ, आंबूस, हिरव्या वासाची ढेकर दिली.

"चाललंय," आबा म्हणाले, आणि तिथंच शेणात बसले.

त्यांचं घड्याळ नसलेलं मोजणं मी त्यानंतर विसरूनच गेले. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, फळ्यावर आकृत्या काढायला लागले.

मुलांना मी दरवर्षी एक गोष्ट सांगते. 1822 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण मजुराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरनं त्याला वाचवलं, पण पोटावरची जखम बुजली नाही. बाहेरून थेट जठरात जाणारं एक भोक कायमचं राहिलं. ब्यूमाँटनं त्या खिडकीतून मांसाचे, भाकरीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडले आणि तासातासानं बाहेर काढून पाहिले. जठररस कुपीत घेतला तर त्यात बाहेरसुद्धा मांस विरघळलं. पचन म्हणजे नुसतं दळण नव्हे, ती रासायनिक क्रिया आहे, हे असं डोळ्यांनी दिसलं. सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडतं, हेही ब्यूमाँटनं टिपलं. हे सगळं 1833 मध्ये प्रसिद्ध झालं. मुलांना गोष्ट आवडते, कारण पोटाला खिडकी असणं ही कल्पनाच भारी आहे.

पण मी गोष्ट तिथंच थांबवत असे. पुढचं वर्गात सांगत नव्हते. सेंट मार्टिनला त्या खिडकीचा कंटाळा आला होता. तो पुन्हा पुन्हा कॅनडात आपल्या माणसांत निघून जाई आणि नंतर बोलावणी येऊनही परतला नाही. 1880 मध्ये तो वारला तेव्हा घरच्यांनी मुद्दाम देह कुजू दिला आणि मगच खोल पुरला, डॉक्टरांनी त्याचं पोट पुन्हा उघडू नये म्हणून. व्हरांड्यात त्या दुपारी मला त्या घरच्यांची आठवण आली. आजवर मी ब्यूमाँटच्या बाजूनं ती खिडकी पाहत आले होते. पोट ज्याचं होतं त्याला काय वाटत असेल, हे मला आबांनी तोंड भिंतीकडे फिरवल्यावर कळलं.

त्याच दिवशी संध्याकाळी आई घरी गेली होती. आबा जागे होते आणि छताकडे बघत होते. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "आबा, म्हशीचं पोट मिनिटाला दीड वेळा चालतं न्हवं? माणसाच्या जठराचं तीन वेळा."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. सकाळपासून पहिल्यांदा.

"आणि आतड्याचं?"

"वरच्या टोकाला बारा. खाली जाईल तसं कमी, आठ-नऊ."

"कोण मोजतंय?"

मग मी सांगायला लागले आणि ते ऐकत राहिले. आतड्याच्या भिंतीतच काही पेशी आहेत, काहाल नावाच्या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाच्या. त्या ठेका धरतात, हलगीवाला धरतो तसा. आणि भिंतीच्या थरांमध्ये चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे, दहा कोटींहून जास्त पेशींचं. 1899 मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी, नात्यानं ते मेहुणे, कुत्र्याच्या आतड्याच्या बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा कापून टाकल्या. तरी आतड्यात गोळा आला की गोळ्याच्या वरची बाजू आवळायची आणि खालची सैल व्हायची. गोळा पुढेच जायचा. मेंदूला न विचारता. मागून ढकलायचं आणि पुढून वाट द्यायची, एवढंच त्याला येतं आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. म्हणूनच झोपेत, बेशुद्धीत, आपण उलटं टांगलेलं असताना सुद्धा आतड्यातलं अन्न पुढेच सरकतं.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी मी भिऊन उपेग न्हाई."

"काय?"

"त्ये माझं ऐकत न्हाई म्हंतीस न्हवं. मग मी भिलो तरी त्ये आपलं करील."

हे तितकं सरळ नाही, हे मला माहीत आहे. भीतीचा, चिंतेचा परिणाम पोटावर होतोच. वरून नसा येतात, त्या वेग कमी-जास्त करतात. परीक्षेच्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं का बाहेर जायला मागतात, ते मी दरवर्षी बघते. पण मी ते बोलले नाही. त्यांना त्या वाक्याचा आधार वाटत होता आणि त्यातला मोठा भाग खरा होता. आबा घाबरले आहेत, हेही मला तेव्हाच समजलं. म्हशीसाठी रात्र जागणाऱ्या माणसाला "थांबलंय" या शब्दाचा अर्थ आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होता.

त्या रात्री मी स्टुलावर बसून कॉटच्या कडेला डोकं टेकलं होतं. पलीकडचा पेशंट घोरत होता. खाली रस्त्यावर एखादी मोटारसायकल जायची आणि परत शांत व्हायचं. पिशवीतलं पाणी संध्याकाळपासून फारसं वाढलेलं नव्हतं, हे मी दोनदा टॉर्चनं पाहिलं होतं, आणि त्याचा चांगला अर्थ लावावा की नाही ते समजत नव्हतं. कधीतरी माझ्या मनगटाभोवती बोटं आली. आबांची बोटं, सुजलेली, सलाईनच्या सुईची पट्टी लावलेली. त्यांनी माझा हात ओढला, ड्रेसिंगच्या बाजूनं नेला आणि डाव्या बरगडीखाली ठेवला. मूठ नव्हे, तळहात.

"बघ."

मला आधी फक्त श्वास लागत होता. वर, खाली. त्यांचं कातडं आता किती पातळ झालंय, हे हाताला कळत होतं. गोठ्यातल्या त्या पहाटेसारखंच काहीच नव्हतं, आणि मी मोजायला लागले, ओठांनी, घड्याळाशिवाय. मग हाताखाली, खोलवर काहीतरी सरकलं. त्याचा आवाजही आला. मडक्यातून पाणी ओतताना शेवटी येतो तसा, गुडगुड, एकदा, थांबून पुन्हा, आणि या वेळी थोडा खाली, थोडा डावीकडे. तो चालत होता. मी शिकवते त्याच वाटेनं, फळ्यावर मी बाण काढते त्याच दिशेनं. वेग कुणी वाढवू शकत नव्हतं. मी हात उचलला नाही. आबांनीही माझा हात सोडला नाही आणि मला बाहेर जायला सांगितलं नाही.

थोड्या वेळानं जे व्हायचं ते झालं. पलीकडचं घोरणं क्षणभर थांबून पुन्हा सुरू झालं.

"चाललंय?" त्यांनी अंधारात विचारलं.

"चाललंय, आबा."

मी मोबाइलमध्ये वेळ पाहिली. पावणेचार. त्या वेळेला गोठ्यात पहिली धार काढायला ते उठायचे. त्यांना झोप लागली, मला लागली नाही. उजाडताना खिडकीखालून दूधवाल्याची किटल्या लावलेली गाडी खडखडत गेली, आणि झोपेतच त्यांच्या हाताची बोटं जराशी आवळली गेली.

आई सात वाजता थर्मास घेऊन आली. तिला मी जिन्यातच सांगितलं, तर ती तिथंच पायरीवर बसली आणि हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. आठच्या सुमाराला डॉक्टर आले. कालच्याच मोकळ्या आवाजात, कालच्याच जागी उभं राहून त्यांनी विचारलं, "काय आबा, वारं सरलं का?"

पलीकडच्या मुलानं मान वर केली. मी माझी पिशवी उचलून दाराकडे निघाले होते.

"सरलं की," आबा म्हणाले. "ही हुती. हिला इचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वेळ सांगितली, आणि त्यांनी ती कागदावर लिहून घेतली.